मामावर आलेले दात

प्रति,
मा. सिव्हिल सर्जन साहेब,
सरकारी दवाखाना, उस्मानाबाद.

अर्जदार : जगदेवी शरणबसप्पा हत्तुरे, बी.एस्सी., शास्त्र विषयाची शिक्षिका, मौजे हिवरदरा (येडशी स्टेशनच्या बाजूस).

विषय : मौजे हिवरदरा येथील हौसा या नऊ महिन्यांच्या मुलीचे वरचे दात पकडीने उपटले जाण्यापूर्वी दातांचे डॉक्टर गावात पाठवण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरचे अर्जदाराचे दोन अर्ज, जे दुसऱ्या एका कचेरीकडे गेले आणि निकाली निघाले.

महोदय,

१. सुरुवातीलाच एका शब्दाचा खुलासा करणे अर्जदारास भाग आहे. पहिल्या अर्जात तिने 'तान्ह्या मुलीचे दात काढण्याचा प्रकार थांबवावा' असे लिहिले होते. त्यावर तालुक्याच्या ज्या कचेरीचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, तिथून उत्तर आले, की लहान मूल दात काढत असेल तर ती आनंदाची गोष्ट असून त्यात थांबवण्यासारखे काही दिसत नाही. कचेरीने 'दात काढणे' याचा अर्थ हसणे असा घेतला. दुसऱ्या अर्जात अर्जदाराने शब्द बदलून 'दात पाडणे' असा घातला. उत्तर आले, की दुधाचे दात आपोआप पडतात, त्यास कोणाचा इलाज नाही, सबब अर्ज निकाली. म्हणून या तिसऱ्या अर्जात अर्जदार 'उपटणे' हा शब्द वापरत आहे. जिवंत हिरडीत रुजलेला दात लोखंडी पकडीत धरून, मूल शुद्धीवर असताना, मुळासकट ओढून घेणे, असा त्याचा अर्थ घ्यावा. याहून साधा शब्द अर्जदाराजवळ नाही.

२. हौसा ही तारामतीची पहिली मुलगी. तारामती बाळंतपणाला माहेरी हिवरदऱ्यास आली, ती अजून इथेच आहे. नवरा हैदराबादेस गिरणीत कामाला असून त्याला तिथे खोली मिळायची आहे. माहेरी आईबाप नाहीत. भाऊ हिंमतराव, भावजय आणि त्यांच्या दोन मुली, एवढेच घर.

हौसासाठी बाभळीच्या लाकडाचा पाळणा हिंमतरावानेच करून घेतला. ती रडू लागली की तो विहिरीवरून हाक मारून विचारी, "का रडतीय गं माझी म्हातारी?" हे अर्जदार मुद्दाम लिहीत आहे, कारण पुढचे वाचून साहेबांना तो कसाई वाटेल. तो कसाई नाही. तो भ्यालेला आहे, आणि भ्यालेल्या माणसाचा हात जास्त जड पडतो.

मुलांना बहुधा खालचे मधले दोन दात आधी येतात. हौसाला वरचे आले. पाणी पाजताना वाटी किणकिणली म्हणून तारामतीने तोंडात बोट घालून पाहिले, तर बोटाला दात लागला तो वरून. या भागात म्हणतात, की वरचे दात आधी आले तर ते मामावर येतात, म्हणजे मामाचा घात करतात. त्यावर रीतही आहे. मामाने चांदीची वाटी करायची आणि बाळाला कांबळ्यात झेलायचे, म्हणजे मामावरचे टळते. हिंमतरावाने वाटी करवली. कांबळ्याचा दिवस पौर्णिमेचा ठरला. पौर्णिमा यायच्या आतच गुऱ्हाळावर चरकात ऊस घालताना त्याचा उजवा हात आत ओढला गेला. इंजिन बंद होईपर्यंत दोन बोटे गेली होती. खालच्या भांड्यातला रस लाल झाला आणि काहिलीत पडलेलाही ओतून द्यावा लागला.

तोंडात वरचे दोन दात आणि हाताची दोन बोटे! गावाला याहून मोठा पुरावा लागत नाही. हिंमतराव हाताला धोतर गुंडाळून चिखलात बसलेला असतानाच त्याचा चुलता कोंडीराम म्हणाला, "दोन दातांनी दोन बोटं खाल्ली, हिंमत. अजून लई दात यायचे हायती. बोटं किती उरली मोज."

३. हा कोंडीराम आठवडी बाजारात दात उपटून देतो. उपटलेल्या दातांची रास पोत्यावर मांडून तिच्यामागे बसतो. जितकी रास मोठी तितका माणूस हुशार, असे गिऱ्हाईक समजते. त्याची हुशारी कळावी म्हणून एकच उदाहरण देणे पुरे आहे. बैलांना नाल मारणारा बशीर नालबंद गावातच राहतो. त्याची मुलगी जैनब अर्जदाराच्या वर्गात आहे. तिची दाढ दुखत होती. ती कायमची पहिली दाढ होती, नुकती वर आलेली. बशीर परगावी असताना कोंडीरामाने त्या पोरीच्या छातीवर गुडघा ठेवून दाढ ओढली. दाढ अर्धी तुटली, मूळ आत राहिले आणि सोबत जबड्याच्या हाडाचा कपचा निघाला. आठवड्याने गालातून पू फुटला. सोलापूरला नेली म्हणून वाचली, पण आता तिचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. भाकरी कुस्करून खाते.

कोंडीरामाने ती तुटकी दाढसुद्धा राशीत मांडली. तेव्हा बशीर बाजारात गेला, नाल ठोकायचा हातोडा काढला आणि ती सगळी रास पोत्यावरच कुटून तिचे पीठ केले. कोंडीरामाची सांडशीही त्याच हातोड्याने वाकवली. म्हणाला, "चाचा, आज मालाचं पीठ केलंय. पुन्ना गावातल्या लेकराच्या तोंडात हात घातला, तर त्या हाताला नाल मारून घरी धाडीन."

तरीही हौसाची वेळ आली तेव्हा कोंडीराम पक्कड मागायला बशीरकडेच गेला. बशीर म्हणाला, "बैलाला नाल मारताना म्या चार पाय बांधतो. तुमच्या लेकराला पाय किती? जा, घराकडं." तेव्हा कोंडीरामाने गुऱ्हाळाच्या इंजिनाच्या पेटीतली पक्कड आणली, जिने नटबोल्ट आवळतात ती, काळ्या वंगणाने माखलेली.

४. हे कानावर येताच अर्जदार हिंमतरावाच्या घरी गेली. तिने तीन गोष्टी सांगितल्या. एक, की दात येण्याचा क्रम काही मुलांत उलटा असतो आणि त्यात रोग नाही. दुसरी, की हे दुधाचे दात आहेत, ते पुढे पडतात आणि कायमचे येतात, म्हणून त्यांचे एवढे भय धरण्याचे कारण नाही. तिसरी, की ज्याचे दात पाहून आपण वय ठरवतो त्या बैलाला वरचे पुढचे दात मुळीच नसतात, तेव्हा वरचे आणि खालचे यात शुभ-अशुभ काही नाही.

तिन्ही विधाने खरी होती. ऐकणाऱ्यांनी तिन्ही घेतली आणि उलटी जोडली. कोंडीराम म्हणाला, "ऐकलं का? बैलाला वरचे दात नसत्यात, हे बाईच म्हणत्यात. बिनदाताचा बैल जलमभर नांगर वढतो, मग ह्या पोरीला कशाला पायजेत? आन दुधाचे हायती, परत येत्यात, हे बी बाईच म्हणत्यात. परत येताना खालचे आधी येऊ देऊ, झालं."

हिंमतराव उंबऱ्यात बसला होता. बांधलेला हात मांडीवर घेऊन तो म्हणाला, "बाई, म्या काय लेकरू मारतोय व्हय? दोन दात तर मागतोय."

अर्जदाराने सांगितले, की या वयाच्या मुलीच्या अंगातले सगळे रक्त एका तांब्यात मावेल आणि ते थांबवता आले नाही तर तांब्या रिकामा व्हायला वेळ लागत नाही. दुधाच्या दाताच्या मुळाशीच कायमच्या दाताचा कोंब असतो, पक्कड त्यालाही चुरडते, हेही सांगितले. वंगणाची पक्कड फाटक्या हिरडीत गेली तर काय होते, ते जैनबच्या गालावर लिहिलेले आहे, हेही सांगितले. त्यावर भावजय चुलीपासून म्हणाली, "एवढं शिकून लगीन न्हाय झालं, ते उगं न्हाय." सगळे हसले. अर्जदार परत आली.

५. त्यानंतरच्या सोमवारी दुपारी त्यांनी हात घातला. भावजयीने तारामतीचे दंड मागून धरले. हिंमतरावाने हौसाला पाटावर निजवून तिचे डोके गुडघ्यांत आवळले. तोंड मिटू नये म्हणून कोंडीरामाने तिच्या हिरड्यांत करवंटीचा तुकडा आडवा घातला आणि पक्कड लावली. पहिल्या ओढीला दात सुटला नाही, कारण लाळेने पक्कड घसरली. पण हिरडी नाकाच्या दिशेने फाटली आणि रक्त घशात गेले. मूल रडायचे थांबले आणि गुदमरू लागले.

पक्कड दुसऱ्यांदा तोंडात जाण्याआधी तारामतीने हिसका देऊन मान पुढे काढली आणि कोंडीरामाच्या मनगटाला कडकडून चावली. चावली ती तिने सोडले नाही. कोंडीरामाने पक्कड डाव्या हातात घेऊन तिच्या डोक्यात घातली, पुन्हा घातली, घालतच राहिला. टाळू फुटली, रक्त डोळ्यांत उतरले, भावजयच ओरडू लागली की बाई मरंल, तरी दात सुटले नाहीत. शेवटी कातड्याचा तुकडा तिच्या तोंडात आला तेव्हाच मनगट मोकळे झाले. तो थुंकून तिने मुलगी उचलली आणि ती शाळेकडे धावत सुटली. अर्जदार त्या वेळी पाचवीला हवेचा दाब शिकवत होती. दारात जी बाई उभी राहिली ती कोण आहे हे अर्जदाराला तिच्या आवाजावरून ओळखावे लागले.

अर्जदाराने वर्गातली मुले मागच्या खिडकीतून उतरवली, दार लावून त्याला बाके टेकवली आणि हौसाला उलटे धरून घशातले रक्त काढले. मूल रडले. ते ऐकून अर्जदाराला इतके बरे वाटले, की बाहेर हिंमतराव आल्याचे तिला पहिल्या घावानंतरच कळले. त्याने कुऱ्हाड आणली होती. उजवा हात निकामी म्हणून तो डाव्याने मारत होता आणि घाव दारापेक्षा चौकटीवर जास्त बसत होते. मारत होता आणि रडत होता.

"तारे, दार उघड! माझ्या पोरींला कोण पोसंल गं? तुझी एक हाय, माझ्या दोन हायती!"

तारामती आतून म्हणाली, "दादा, नांगर म्या धरते. तुझ्या पोरींला म्या पोसते. लेकराचं तोंड तेवढं सोड."

कुऱ्हाड थांबली. अर्जदारास वाटले की संपले. मग कोंडीराम आला, त्याने पुतण्याला आपले मनगट दाखवले, म्हणाला, "आईचे दात असे हायती, मग पोरीचे कसे आसतील बघ," आणि कुऱ्हाड पुन्हा सुरू झाली. दाराच्या दोन फळ्या गेल्यावर बशीर आणि तेल्याच्या घाण्यावरची माणसे धावून आली. त्यांनी हिंमतरावाला मागून कवळ घालून उचलून नेले.

६. पोलीस पाटलांकडे दाद मागितली. ते म्हणाले, की मामा-भाचीच्या मामल्यात सरकार पडत नाही.

तेव्हा हौसाला बार्शीला न्यावे असे ठरले. तिथे दातांचे डॉक्टर बसतात असे अर्जदाराने ऐकले होते. हिरडी सुजून ओठाबाहेर आली होती आणि मूल अंगावर ओढत नव्हते. तारामती चिंधीने दूध पिळत होती. सकाळी बशीरने आपली गाडी जुंपली. येडशीहून रेल्वे पकडायची होती. रानालगतच्या उतारावर कोंडीराम, हिंमतराव आणि भावकीतले सातआठ जण वाटेत उभे होते. त्यांनी बैलांच्या वेसणी धरल्या.

अर्जदार गाडीतून उतरून बैलांच्या पुढे उभी राहिली. ती काही बोलणार तोच दगड लागला. तो कोणी मारला हे तिला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते ती लिहिणार नाही. वरचा ओठ आरपार फाटला. वरचे मधले दोन दात गेले. एक मुळासकट धुळीत पडला, दुसरा हिरडीपाशी मोडला. बशीरने हातोडा काढला. पहिला घाव एकाच्या गुडघ्यावर बसला आणि तो माणूस आडवा झाला, दुसऱ्या घावाला एकाचा खांदा निखळला. त्यांनी बशीरला चाकाशी दाबून लाथांनी तुडवले. बैल बुजले, गाडी उताराला लागली, आत तारामती मुलीवर पालथी पडून राहिली. त्या दिवशी तिथे कोणी ना कोणी मेलेच असते.

तेवढ्यात हिंमतराव ओरडला, "थांबा! थांबा रं! बाईचे वरचेच गेले! दोन गेले!"

सगळे थांबले. अर्जदाराला रक्तामुळे नीट दिसत नव्हते. एवढे दिसले, की हिंमतराव गुडघ्यांवर बसून डाव्या हाताने धूळ चाळत होता.

७. बार्शी राहिली, गाडी गावात परत आणली आणि त्याच दुपारी चावडीवर बैठक बसली. साहेबांना वाटेल, की ती मारहाणीबद्दल असावी. तसे नाही. बैठकीपुढे प्रश्न असा होता, की वरच्या दोन दातांच्या बदली वरचे दोन दात गेले असतील, तर मामावरचे फिटले की नाही. बरेच जण फिटले म्हणत होते. हिंमतराव हात जोडून सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होता. कोंडीरामाचा आक्षेप असा होता, की दात दीडच सापडला. बाईच्या हिरडीत मूळ आहे, आणि मूळ आहे तोवर दात गेला असे म्हणता येत नाही.

मग पाहणी झाली. बाजारात बैल घेताना करतात तशी. एकाने अर्जदाराची हनुवटी धरली, दुसऱ्याने अंगठ्याने वरचा ओठ उलटा केला. ओठाला टाके नव्हते. अर्जदाराने ते करू दिले, कारण तिला एवढे उमगले होते, की ही माणसे जोवर तिचे तोंड मोजत आहेत तोवर हौसाचे मोजणार नाहीत. मागून कोणीतरी म्हणाले, "बाई आता बैलासारख्या झाल्या. वर काय न्हाय." चावडी हसली. पाहणाऱ्याने सांगितले, की कोंडीराम खरे बोलतो, मूळ आहे.

अर्जदाराने कोंडीरामाला खुणेने बोलावले आणि तोंड उघडले.

त्याचे वर्णन अर्जास आवश्यक नाही. पक्कड इंजिनाचीच होती. मूळ तीन तुकड्यांत निघाले. जैनब त्या दिवसाविषयी विचारले की खाली का पाहते, हे अर्जदारास कळले. दोन माणसांनी खांदे धरले होते, त्यांतला एक हिंमतराव होता, आणि तो तिच्या कानाशी सारखे म्हणत होता, "झालं अक्का, झालं, झालं."

सगळे तुकडे हिंमतरावाने काळ्या फडक्यात बांधून दंडाला लावले आणि अर्जदाराच्या पाया पडला. दुसऱ्या दिवशी शेरभर दूध आणि गूळ घेऊन आला. शाळेच्या दाराच्या फळ्या त्याने डाव्या हाताने स्वतः बसवून दिल्या आणि बहिणीला घरी नेले. भावजयीने तारामतीच्या डोक्याला हळद भरली. गावात आता शांतता आहे, आणि कोणाची तक्रार नाही. फक्त बैठक उठताना हिंमतरावाने विचारले होते, "पण पुढचे आले तर?" त्यावर कोंडीराम मनगटाचे फडके सोडत म्हणाला, "आले तर आले. बाईला दात हायतीच की." तेव्हाही चावडी हसली, पण ती थट्टा होती असे अर्जदारास खात्रीने म्हणता येत नाही.

८. अर्जदार समक्ष न येता लिहून कळवते आहे, याबद्दल क्षमा असावी. त, थ, द, ध हे वर्ण दंत्य आहेत. ते म्हणताना जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकावी लागते, आणि अर्जदाराची आता टेकत नाही. या अर्जाचा विषय ज्या शब्दाचा आहे, तो शब्दच तिला तोंडाने म्हणता येत नाही. वर्गातली मुले हसतात. मुलांनी हसावे, त्याविषयी अर्जदाराचे काही म्हणणे नाही.

९. आता मुख्य गोष्ट. काल दुपारी तारामती हौसाला पदराखाली घेऊन शाळेत आली आणि तिने आतून कडी लावली. आलेल्या दोन दातांच्या दोन्ही बाजूंना वरची हिरडी पांढरी होऊन टणक झाली आहे. आणखी दोन दात वरच येत आहेत. खालची हिरडी अजून गुळगुळीत आहे. फाटलेली जागा पुरती भरलेली नाही, तिथे बोट लावले की मूल किंचाळते. अंदाजाने सांगायचे तर पंधरा दिवसांत दोन्ही दात बाहेरून दिसतील.

घरात हे अजून कोणाला माहीत नाही. कळू नये म्हणून तारामती मुलीला हसू देत नाही. कोणी टाळ्या वाजवून, तोंडे करून हसवायला आले की ती मुलीचे तोंड आपल्या खांद्यात दाबते. एकटीच खेळताना मुलगी हसली तरी तोंडावर हात ठेवते. काल अर्जदाराने हिरडी पाहण्यासाठी सहज हात पुढे केला, तर हौसाने आपणहून ओठ घट्ट मिटून घेतले. नऊ महिन्यांचे मूल हे शिकले आहे.

इकडे हिंमतरावाचा हात चिघळला आहे. तो पट्टी करून घेत नाही, फिटले आहे तेव्हा बरे होणारच म्हणतो. बरे झाले नाही तर तो पुन्हा मुलीच्या तोंडाकडे पाहील. पुन्हा बार्शीला निघावे, तर घरात कारण सांगावे लागेल. तारामतीला सासरी धाडावे म्हटले, तर सासूचा निरोप आहे, की दोष माहेरी फेडून मग या, आमच्याही घरात पोरीचे काका आहेत.

१०. सबब अर्जदाराची मागणी अशी, की पंधरा दिवसांच्या आत दातांचे डॉक्टर, आणि ते जिल्ह्यात नसल्यास आपल्याकडचे कोणीही डॉक्टर, हिवरदऱ्यास पाठवावेत. अर्जदार हे सगळे सांगून चुकली आहे, पण तिचा शब्द शाळेतल्या बाईचा शब्द आहे. हिंमतराव स्वतः म्हणाला, "सरकारी डाक्टरनं माझा हात हातात धरून सांगितलं, तर म्या ऐकीन." एवढेच करायचे आहे. डॉक्टरांनी हौसाची हिरडी तपासून तिला औषध द्यावे, हिंमतरावाची जखम धुवावी, आणि त्याचा हात हातात असतानाच चावडीवर चार लोकांत सांगावे, की हा हात चरकाने खाल्ला, पोरीने नाही.

बोलताना डॉक्टरांनी बैलाचे उदाहरण देऊ नये. दुधाचे दात परत येतात, हेही या गावात सध्या म्हणू नये.

पुढच्यासाठी अशी विनंती आहे, की या भागातल्या मुलांना पहिला दात दिसला की एकदा डॉक्टरांना दाखवण्याची सोय व्हावी. वर्षातून दोन वेळा कोणी आले तरी पुष्कळ होईल. आजवर गावात मुलाचे तोंड पहिल्यांदा पाहतो तो कोंडीराम, आणि तेही दुखू लागल्यावर. डॉक्टरांच्या येण्याजाण्याची काळजी नसावी. येडशीपर्यंत रेल्वे आहे, पुढे बशीर गाडी घेऊन थांबेल. त्याच्या दोन बरगड्या मोडल्या आहेत, पण गाडी हाकता येते असे तो म्हणतो.

११. डॉक्टर येण्यास उशीर होणार असेल, तर तेवढे एका ओळीने कळवावे, म्हणजे अर्जदारास तयारीत राहता येईल. दुधाचे वरचे दात एकूण दहा असतात. हौसाचे दोन आले, दोन येत आहेत, उरलेले सहा ती अडीच वर्षांची होईपर्यंत येतील. अर्जदाराच्या वरच्या जबड्यात आज चौदा आहेत. तेव्हा पुरतील. तसा शब्द तिने काल तारामतीला दिला आहे. तो पाळण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हा अर्ज.

उत्तराची वाट पाहत,

जगदेवी शरणबसप्पा हत्तुरे
मौजे हिवरदरा, दि. २१ फेब्रुवारी १९६४

तारामती हिची निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.

सोबत : हौसाच्या वरच्या हिरडीची पेन्सिलीने काढलेली आकृती. येऊ घातलेल्या दोन दातांच्या जागी फुली केली आहे. ही आकृती डॉक्टरांखेरीज कोणास दाखवू नये.